फी, खोली आणि खाणावळ

कवठे महांकाळ तालुक्यात बारावीचा निकाल लागतो तेव्हा द्राक्षाचा पैसा संपत आलेला असतो. फेब्रुवारी-मार्चात माल उतरतो. व्यापाऱ्याने पैसे दिले तर ३१ मार्चच्या आत सोसायटीचं पीककर्ज नवं-जुनं होतं, एप्रिलात खरड छाटणी येते, तिच्यामागून औषधं, खतं आणि मजुरी. बेदाणा केला असेल तर तो कोल्ड स्टोरेजमध्ये दराची वाट बघत पडलेला असतो. अशात जुलै-ऑगस्टमध्ये प्रवेशाच्या यादीत नाव लागतं आणि मुलाच्या मोबाइलवर निरोप येतो: दोन-तीन दिवसांत कॉलेजात हजर व्हा, कागदपत्रं दाखवा, फी भरा. बागायतदाराच्या घरात वर्षभर पैसा नसतो असं नाही. त्या तीन दिवसांत नसतो. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं पाणी ज्यांच्या शिवारात पोहोचलेलं नाही किंवा ज्यांना शिवारच नाही, त्यांच्याकडे तो मार्चातही नसतो.

दहावी-बारावीनंतरचं मार्गदर्शन करणारी बहुतेक पुस्तकं ‘कोणता अभ्यासक्रम निवडावा’ इथून सुरू होतात. या तालुक्यातल्या मुलामुलींसाठी ती सुरुवात चुकीची आहे. इथे पहिला प्रश्न असा हवा: ज्या गावात शिकायला जायचं तिथे राहायचं कुठे, जेवायचं कुठे आणि त्याचे पैसे दर महिन्याला कुठून येणार? फी हा दुसरा प्रश्न. अभ्यासक्रम तिसरा. हा क्रम उलटा वाटेल, पण आपल्याच भागातल्या एका माणसाने शंभर वर्षांपूर्वी तो ओळखला होता.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांचं मूळ घराणं आजच्या सांगली जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. शाळा काढणारे त्या काळातही अनेक होते. भाऊरावांचं वेगळेपण म्हणजे त्यांनी शाळेआधी वसतिगृहाचा विचार केला. खेड्यातलं पोर शिकत नाही ते शाळा नाही म्हणून जितकं, त्याहून जास्त साताऱ्यात त्याला दोन वेळचं कोण घालणार म्हणून, हे त्यांनी हेरलं. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं बोर्डिंग सुरू केलं. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचं ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असं नामकरण झालं. त्या मुलांना जेवू घालण्यासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. मुलं स्वयंपाक करत, शेतात राबत, खडी फोडत आणि शिकत. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. या वसतिगृहातून आलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही. वाळवा तालुक्यातल्या ढवळीचे एन. डी. पाटील पन्नाशीच्या दशकात साताऱ्याच्या त्याच कॉलेजात शिकवत आणि ‘कमवा व शिका’ योजनेचं काम पाहत.

हा इतिहास अभिमानासाठी सांगितलेला नाही. अभिमानाची आपल्याकडे टंचाई नाही. सांगायचं ते इतकंच, की सरकारने पुढच्या काळात फीचा प्रश्न बराचसा हातात घेतला, पण खोली आणि खाणावळीचा प्रश्न अर्धवटच ठेवला. त्यामुळे आजही मुलं गळतात ती बहुधा पहिल्या सत्राच्या मध्यावर, मेसचं तिसरं बिल थकल्यावर.

आधी फीचं पाहू, कारण त्यात गैरसमज फार आहेत. महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांचं दार उघडलं १९८३ साली, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना. स्वतः फारसं शालेय शिक्षण नसलेल्या सांगलीच्या या नेत्याच्या निर्णयाने जागा भरपूर झाल्या आणि फीही आली. अनुदानित आणि विनाअनुदानित कॉलेजातला फरक अजूनही अनेक पालकांना ठाऊक नसतो. सांगलीतलं १९४७ चं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज आणि त्याच शहरातलं एखादं विनाअनुदानित कॉलेज यांच्या फीत मोठं अंतर असतं. विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजची फी मनमानी नसते. २०१५ च्या कायद्याने नेमलेलं शुल्क नियामक प्राधिकरण दर कॉलेजची फी ठरवतं आणि संकेतस्थळावर जाहीर करतं. कॉलेजच्या माहितीपत्रकातला आकडा आणि प्राधिकरणाचा आकडा जुळतो का, हे बघायला पाच मिनिटं लागतात. प्रवेशासाठी वरचे पैसे, मग त्यांना देणगी म्हणा की विकासनिधी, घेणं १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे.

आता सवलती. खुल्या प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचा निम्मा भाग मिळतो. ‘ईबीसी’ म्हणून सगळे जिला ओळखतात ती हीच. एका घरातल्या दोन मुलांपर्यंतच तिचा लाभ आहे. मुलींसाठी जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने हा भाग निम्म्यावरून पूर्ण झाला: ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आतल्या घरातल्या, व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अडीच लाखांच्या उत्पन्नापर्यंत आहे, त्याहून जास्त उत्पन्न असेल तर फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी.

वरच्या परिच्छेदातले दोन शब्द पालकांच्या नजरेतून सुटतात. पहिला, ‘शिक्षण शुल्क’. कॉलेजच्या पावतीवर त्याखेरीज विकास शुल्क, अनामत, ग्रंथालय, जिमखाना अशा ओळी असतात. त्या बहुतेक वेळा तुमच्याच खिशातून जातात. ‘मुलींना शिक्षण मोफत झालं’ ही बातमी ऐकून पाच हजार घेऊन गेलेल्या बापाला काउंटरवर जो धक्का बसतो तो याचा. दुसरा, ‘केंद्रीय प्रवेश प्रक्रिया’. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था स्तरावर प्रवेश घेतला, किंवा अभिमत अथवा खासगी विद्यापीठात घेतला, की या योजनांचं दार बंद. दरवर्षी काही घरं ऑगस्टच्या घाईत ‘सीट पक्की करून टाकू’ म्हणून कोट्यात पैसे भरतात. आठवडाभर थांबून पुढच्या फेरीत केंद्रीय प्रक्रियेतून मिळणारी सवलत ती घरं चारही वर्षांसाठी गमावतात. माझ्या मते ही या सगळ्या प्रवासातली सर्वांत महागडी चूक आहे.

एक योजना मात्र ग्रामीण मुलं चक्क रिकामी सोडतात: टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजना. इंजिनिअरिंग, पदविका अशा अभ्यासक्रमांत मंजूर जागांच्या वर पाच टक्के जागा अशा असतात, जिथे पूर्ण अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क माफ असतं. जातीचा संबंध नाही, उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि गुण चांगले हवेत. पसंतीक्रम भरताना या जागांचा संकेतांक वेगळा असतो. तो माहीत नसल्याने चांगल्या गुणांची मुलं नेहमीचा संकेतांक भरून मोकळी होतात. पसंतीक्रमात आधी टीएफडब्ल्यूएस, मग त्याच शाखेचा साधा संकेतांक, असं लिहायला काहीच हरकत नाही. अट एकच: ही जागा घेतल्यावर पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही.

सवलती आहेत, तर मग मिळत का नाहीत? इथे तलाठी, तहसील, प्रांत आणि बँक या चार खिडक्या सुरू होतात.

उत्पन्नाचा दाखला तलाठ्याच्या अहवालावर तहसीलदार देतात. जूनमध्ये सेतू केंद्रापुढे रांग लागते, सर्व्हर बसतो, आणि दाखला येईपर्यंत फेरी संपते. तो एप्रिलात काढून ठेवा, नवं आर्थिक वर्ष सुरू होताच. नॉन-क्रीमिलेअर प्रांत कार्यालयातून मिळतं आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते. कोणत्या ३१ मार्चपर्यंत ते चालेल हे प्रमाणपत्रावर वाचून घ्या. जातवैधता प्रमाणपत्र, म्हणजे व्हॅलिडिटी, सांगलीच्या जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून येतं आणि त्याला महिने लागतात. त्यासाठी घराण्याचे जुने पुरावे हवेत: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. आजोबा किंवा पणजोबा ज्या गावच्या शाळेत गेले, तिथल्या जनरल रजिस्टरातला उतारा हा सर्वांत भक्कम कागद. तो काढायला बारावीची वाट बघू नका. अकरावीच्या दिवाळीत, शाळेतले जुने लिपिक निवृत्त व्हायच्या आत, काढा. हे शेवटचं वाक्य विनोद म्हणून लिहिलेलं नाही.

नावाचंही एकदा बघून घ्या. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत वडिलांचं नाव अर्धं आणि दाखल्यावर गावच्या उच्चाराप्रमाणे वेगळंच स्पेलिंग, असं असेल तर संगणक तुम्हाला चार वेगळी माणसं समजतो. सगळं दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळवून घ्या.

मग महाडीबीटी. राज्याच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज याच संकेतस्थळावर भरावे लागतात आणि दर वर्षी नव्याने भरावे लागतात. दुसऱ्या वर्षी ‘रिन्युअल’ आपोआप होत नाही. अर्ज तुमच्याकडून कॉलेजच्या लिपिकाकडे, तिथून प्राचार्यांकडे, मग विभागाकडे जातो. तो कुठे अडकलाय हे लॉगिन केल्यावर दिसतं. अडलेला अर्ज बहुधा कॉलेजच्या लॉगिनमध्येच पडलेला असतो, एखादा अस्पष्ट स्कॅन परत पाठवलेला. महिन्यातून एकदा बघायची सवय लावा.

पैसा येतो तो आधार जोडलेल्या खात्यात, आणि इथे एक बारीक खोच आहे. तुमची चार बँकांत खाती असली, चारही आधारशी जोडलेली असली, तरी सरकारी पैसा एकाच खात्यात जातो: ज्या बँकेने आधार सर्वांत शेवटी ‘सीड’ केलं त्या. मधल्या काळात मोबाइलवरून कुठल्या पेमेंट बँकेचं खातं उघडलं असेल तर शिष्यवृत्ती तिकडे गेलेली असते आणि पालक जिल्हा बँकेच्या पासबुकात शोधत बसलेले असतात. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघितलं की कोडं सुटतं.

आता खोली आणि खाणावळ.

कवठे महांकाळहून सांगली-मिरज चाळीसेक किलोमीटर. एसटीचा विद्यार्थी पास प्रवासभाड्याच्या एक तृतीयांशात मिळतो, शिवाय मिरज-पंढरपूर रेल्वेमार्गावर कवठे महांकाळ स्टेशन आहेच. त्यामुळे ‘जाऊन-येऊन करू’ हा पहिला विचार असतो. कला-वाणिज्यच्या मुलाला ते जमतं. प्रयोगशाळा असलेल्या अभ्यासक्रमाला जाणाऱ्याचे मात्र दिवसाचे तीन-चार तास बसमध्ये जातात. पहिल्या वर्षी गणित राहतं ते बऱ्याचदा त्या तासांत. ज्या मुलीला गावात शेवटची एसटी संध्याकाळी लवकर असते, तिचं प्रॅक्टिकल अर्धवट सुटतं. असा अभ्यासक्रम घ्यायचा तर पहिलं वर्ष तरी राहून करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

राहण्यासाठी सरकारी वसतिगृह हा पहिला पर्याय. अर्ज प्रवेश झाल्याझाल्या करावा लागतो, जागा मोजक्या असतात. वसतिगृह मिळालं नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. स्वाधारमध्ये मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला साठ हजार रुपये मिळतात. लहान शहरात आणि तालुक्याच्या ठिकाणी रक्कम कमी होत जाते. खुल्या प्रवर्गातल्या अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. द्राक्षबाग एक-दोन एकरांची असली तरी ‘आपण बागायतदार, आपल्याला कोण देतंय’ असं म्हणून लोक अल्पभूधारक दाखलाच काढत नाहीत.

पण या सगळ्या रकमा हप्त्याने आणि उशिरा येतात. जुलैपासून दिवाळीपर्यंतचं भाडं आणि मेस तुम्हालाच काढावी लागते. म्हणून बेदाणा विकला की त्यातले चार-पाच महिन्यांच्या खोलीचे पैसे बाजूला ठेवणं, हेच या तालुक्यातलं सगळ्यात खरं आर्थिक नियोजन. शिवाजी विद्यापीठात आणि रयतच्या कॉलेजांत ‘कमवा आणि शिका’ योजना आजही आहे. मुलं ती घ्यायला लाजतात. लाजण्यासारखं त्यात काहीही नाही, आणि मेसचा बराच भार त्यातून उचलला जातो.

तरीही कमी पडलं तर शैक्षणिक कर्ज. बँकांच्या प्रचलित नियमांत चार लाखांपर्यंत तारण किंवा स्वतःचा हिस्सा मागत नाहीत, साडेसात लाखांपर्यंत जामीनदारावर भागतं, त्यावर तारण लागतं. पालक सहकर्जदार असतात, म्हणून वडिलांचं पीककर्ज थकलेलं असेल तर मुलाची फाईल तिथेच अडते. मार्चमध्ये नवं-जुनं करण्याचं महत्त्व असंही आहे. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असेल तर शिक्षण चालू असतानाचं व्याज केंद्र सरकार भरण्याची योजना आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी निवडक नामांकित संस्थांत प्रवेश मिळालेल्यांसाठी आहे. एक गंमत इथे घडते: शिष्यवृत्तीला घरचं उत्पन्न कमी दाखवायचं आणि बँकेला जास्त, असा सल्ला देणारे एजंट चौकाचौकात बसलेले असतात. दोन कागद एकाच फाईलमध्ये समोरासमोर आले की दोन्ही कामं जातात. आकडा एकच असू द्या, खरा.

हप्त्याचं गणित सही करण्याआधी मांडा. पाच लाखांचं कर्ज, दहा टक्के व्याज, दहा वर्षांची फेड धरली तर महिन्याला सुमारे ६,६०० रुपये जातात. शिकत असताना साचलेलं व्याज त्याहून वेगळं. ज्या कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या मुलांना सुरुवातीला पंधरा-अठरा हजार मिळतात, तिथे हे कर्ज जड जातं. कॉलेजला ‘सर्वोच्च पॅकेज’ विचारू नका. तुमच्या शाखेतल्या मागच्या वर्षीच्या साठांपैकी किती जणांना नोकरी लागली आणि मधल्या मुलाला किती पगार मिळाला, हे विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

यावरून अभ्यासक्रमाकडे येऊ. दहावीनंतर पदविका आणि तिथून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाणं, किंवा आयटीआय करून पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला, या वाटा स्वस्त आणि पक्क्या आहेत. तरीही आपल्याकडे त्यांना हुशार मुलं कमी जातात, कारण ‘सायन्स घेतलं’ म्हणण्यात घराला मान वाटतो. आयटीआय तालुक्याच्या गावीच आहे, कुपवाडची एमआयडीसी आणि १९१० सालची किर्लोस्करवाडी जिल्ह्यातच. द्राक्ष-बेदाण्याच्या पट्ट्यात अन्नप्रक्रिया, शीतगृह आणि निर्यातीची कागदपत्रं समजणाऱ्या मुलांना गावाजवळ काम मिळू शकतं. कॉलेजचा खरा प्रतिस्पर्धी मात्र इथे वेगळाच आहे: गलाई. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी खानापूर-आटपाडीपासून इकडच्या गावांपर्यंतची पोरं दहावीनंतर पार केरळ-तामिळनाडूपर्यंत जातात. चुलता, मामा तिथे असतोच. त्या वाटेला नाकं मुरडायचं कारण नाही. पण निदान बारावी आणि एखादं बाहेरून केलेलं पदवीचं शिक्षण हाताशी असलं तर धंदा बसला तरी माणूस बसत नाही.

राहिली स्पर्धा परीक्षा. तालुक्याच्या अभ्यासिकांमध्ये आणि पुण्याच्या पेठांतल्या कॉटबेसिसवर आपली शेकडो मुलं आहेत. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे, आणि ही उदारता अनेकांना बुडवते, कारण ‘अजून वय आहे’ हे वाक्य दहा वर्षं पुरतं. पदवीनंतर तीन वर्षं, दोन मुख्य परीक्षा, अशी मर्यादा घरच्यांसमोर आधीच ठरवा. त्या काळात पोलिस, बँक, पोस्ट अशा इतर भरत्यांचे अर्ज भरत राहा. तीन वर्षांत एकही पूर्वपरीक्षा निघाली नाही तर खोली सोडा. तो खर्च घरातल्या धाकट्या बहिणीच्या शिक्षणातून जातोय, हे बहुतेक घरांत कुणी बोलून दाखवत नाही.

हे प्रकरण तुम्ही दिवाळीच्या आसपास वाचत असाल आणि घरात अकरावीचं मूल असेल, तर आधी गावच्या शाळेत जाऊन आजोबांच्या नावाचा उतारा मागा. अर्ज साध्या कागदावर चालतो.